मुलीसाठी महाविद्यालय निवडताना: पुण्यातील नवी शाखा की अमरावतीचे शासकीय महाविद्यालय?

प्रश्न (पालक, वाशीम)

नमस्कार. माझ्या मुलीला यंदाच्या एमएचटी-सीईटीमध्ये, म्हणजे अभियांत्रिकी प्रवेशाच्या राज्यस्तरीय परीक्षेत, ९१ पर्सेंटाइल मिळाले आहेत. आम्ही इतर मागास वर्गात येतो आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न चार लाखांच्या आत आहे. अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत शाखा मिळेल असे वाटते. पुण्यातील एका खाजगी महाविद्यालयात मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेची शाखा मिळू शकते. ती शाखा तीन वर्षांपूर्वीच सुरू झाली असली, तरी तिच्या माहितीपत्रकात लाखोंच्या पॅकेजचे मोठे आकडे दिले आहेत. नातेवाईक पुण्याचाच आग्रह धरत आहेत. मुलीला गणित आणि भौतिकशास्त्र मनापासून आवडते. संगणकाची तिला नावड नाही, पण त्याची विशेष ओढही नाही. आमच्या घरातून अभियांत्रिकीला जाणारी ती पहिलीच आहे, त्यामुळे कोणत्या गोष्टी पाहून निर्णय घ्यावा हेच आम्हाला उमगत नाही.

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, नागपूर)

ताई, आपण दिलेल्या माहितीतच एक महत्त्वाचा धागा आहे. पदवी चार वर्षांची आणि ती शाखा तीन वर्षांची, म्हणजे त्या शाखेतून अद्याप एकही विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडलेला नाही. माहितीपत्रकातील पॅकेजचे आकडे म्हणूनच दुसऱ्या शाखांचे असणार, आणि त्यांतही सर्वांत मोठा आकडा बहुधा एखाद्याच विद्यार्थ्याचा असतो. पालकांनी पाहावे ते मध्यक वेतन, म्हणजे सगळी वेतने चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधोमध येणारे वेतन. राष्ट्रीय क्रमवारीत, म्हणजे एनआयआरएफमध्ये, भाग घेणाऱ्या संस्थांना किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी मिळाली, किती जण पुढील शिक्षणाला गेले आणि मध्यक वेतन किती होते, ही माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. तो तक्ता शांतपणे वाचावा. त्यात एका विद्यार्थ्याचा विक्रम नसतो, सगळ्या वर्गाचे चित्र असते.

दुसरे म्हणजे, गुणवत्ता तपासणाऱ्या दोन राष्ट्रीय संस्था आहेत: नॅकचे मूल्यांकन संपूर्ण संस्थेचे असते, तर एनबीएची मान्यता एकेका अभ्यासक्रमाला मिळते. फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली श्रेणी आपल्या मुलीच्या शाखेला लागू आहे का, हे विचारलेच पाहिजे. शक्य असेल तर दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन या, आणि तेही प्रवेश कक्षापाशी न थांबता थेट त्या विभागात. साठ विद्यार्थ्यांच्या शाखेत चारही वर्षे धरून २४० विद्यार्थी होतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक या प्रमाणानुसार तिथे साधारण १२ शिक्षक हवेत. दारावरच्या पाट्या मोजा, प्रयोगशाळेतील यंत्रे चालू आहेत की झाकून ठेवली आहेत ते पाहा, आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलींना प्रात्यक्षिके नियमित होतात का ते विचारा. शासकीय महाविद्यालयालाही हीच कसोटी लावावी, कारण रिक्त पदांचा प्रश्न तिथेही असतो.

माझे मत विचाराल, तर गणित आणि भौतिकशास्त्राची आवड असलेल्या मुलीला विद्युत शाखा मानवेल. तिथूनही संगणकाच्या कामाकडे वळता येते. मी शिकवलेल्या कितीतरी मुली तशा वळल्या आहेत.

उत्तर २ (तृतीय वर्षाची विद्यार्थिनी)

काकू, प्रवेशाच्या अर्जात महाविद्यालये आणि शाखा ज्या क्रमाने लिहायच्या, त्या पसंतीक्रमाविषयी मी लिहिते, कारण माझ्या वर्गातील अनेकांची चूक तिथेच झाली. वरच्या क्रमांकावर अवघड महाविद्यालय लिहिल्याने खालच्या पसंतीची शक्यता कमी होत नाही, त्यामुळे 'मिळेल ते आधी' असे कधीही लिहू नये. मात्र २०२५-२६ मध्ये जागावाटपाच्या चार फेऱ्यांची पद्धत आली तेव्हा पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एखादी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादी मिळाली, की ती जागा आपोआप निश्चित होऊन पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद होत असे. यंदाचा नियम माहितीपुस्तिकेत वाचून घ्या आणि पहिल्या सहांत मनापासून नको असलेले एकही नाव ठेवू नका.

गेल्या वर्षीचा कटऑफ, म्हणजे शेवटचा प्रवेश कितीवर झाला तो आकडा, पाहताना 'जी' ने सुरू होणाऱ्या संकेताची ओळ न पाहता 'एल' ने सुरू होणारी पाहा. ती मुलींसाठी राखीव जागांची असते. शेवटचे अक्षर 'एच' असेल तर ती जागा गृहविद्यापीठाची, म्हणजे महाविद्यालय ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात आहे तिथेच बारावी झालेल्यांची, 'ओ' असेल तर बाहेरच्या विद्यापीठाची आणि 'एस' असेल तर राज्यस्तरीय असते.

प्रश्नकर्त्या पालक

दोघांचेही मनापासून आभार. मध्यक वेतनाचा मुद्दा आम्हाला कुणीच सांगितला नव्हता. येत्या सोमवारी मी मुलीला घेऊन अमरावतीला जाणार आहे. खर्चाविषयी आणखी एक विचारते: मुलींना शुल्कमाफी आहे असे ऐकले, ती खाजगी महाविद्यालयातही मिळते का?

उत्तर ३ (पालक, अकोला)

मिळते, पण अटी नीट पाहा. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील इतर मागास वर्ग, सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग व आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. त्यासाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतूनच, म्हणजे वर सांगितलेल्या फेऱ्यांतून, झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या जागांवर, घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत लागू नाही. वसतिगृह, खानावळ आणि इतर शुल्के यांचा भार आपल्यावरच राहतो, आणि पुण्यात तोच भार जड जातो. मंजूर शुल्काचा आकडा शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर महाविद्यालयनिहाय मिळतो, तेव्हा तोंडी सांगितलेल्या रकमेवर विसंबू नका.

आणि ताई, जात वैधता प्रमाणपत्र व प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातील ३१ मार्चपर्यंत वैध असलेले नॉन-क्रिमीलेअर (कुटुंब प्रगत गटात मोडत नसल्याचे) प्रमाणपत्र हाती आहे का, ते आजच तपासा. मुदतीत ही कागदपत्रे सादर झाली नाहीत, तर उमेदवार खुल्या प्रवर्गात धरला जातो आणि मिळालेली जागा हातची जाऊ शकते. माझ्या भाचीच्या बाबतीत वैधता प्रमाणपत्रासाठी जात पडताळणी समितीच्या कार्यालयात अनेक चकरा माराव्या लागल्या, म्हणून सोमवारी अमरावतीला निघण्याआधी हे काम मार्गी लावा.