लोकसंख्येनं भागून देशाचा खेळ मोजता येतो का?

तापीकाठ (चोपडा): राम राम मंडळी. पॅरिस २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये आपली ६ पदकं आणि क्रमांक ७१वा. पाकिस्तानचं एकच पदक, पण सोन्याचं, म्हणून ते ६२वे. यावरून पारावर वाद पेटला. एक जण म्हणाला, १४० कोटींत ६, म्हणजे २३ कोटींमागे एक पदक. तिकडे डोमिनिका सत्तर-एक हजार लोकांचा देश, तिथली थिया लाफाँड तिहेरी उडीत सुवर्ण घेऊन गेली. लाज वाटायला हवी म्हणे.

मला हा भागाकारच मान्य नाही. रावेरची ठिबकवरची केळी आणि साक्रीची कोरडवाहू बाजरी यांचं एकरी उत्पन्न आपण एका रकान्यात लिहीत नाही. विहिरीला पाणी किती, खत किती पडलं, हे धरूनच वावर कसणाऱ्याचं कसब कळतं. अर्थशास्त्रज्ञही देशांचं असंच करतात: लोकसंख्या आणि राष्ट्रीय उत्पन्न ही साधनं, पदकं हे पीक, आणि तेवढ्याच साधनांत सर्वांत जास्त काढणाऱ्याशी तुलना. शिवाय ॲथलेटिक्सच्या एका वैयक्तिक प्रकारात देशाचे जास्तीत जास्त ३ खेळाडू, हॉकीत एकच संघ. माणसं दसपट असली म्हणून जागा दसपट मिळत नाहीत.

कोरडवाहू (अमळनेर): पटनं नही भो. साधनं धराच, मग तर आपण आणखी खाली जाऊ. पॅरिसच्या वर्षी एकूण उत्पन्नात आपण जगात पहिल्या पाचांत होतो. माणशी उत्पन्न धरायचं म्हणाल तर केनिया आपल्यापेक्षा गरीब, लोकसंख्या साडेपाच कोटींच्या आसपास, आणि पॅरिसला ११ पदकं, त्यांत ४ सुवर्ण. उझबेकिस्तानची ८ सुवर्णं, त्यांतली ५ एकट्या बॉक्सिंगमध्ये. हे काही बागायतदार नाहीत. यांच्याशी तुलना झाली की पावसाचं कारण सांगता येत नाही.

तापीकाठ: दादा, केनिया-उझबेकिस्तानचं मान्य. मीही तेच म्हणतोय, तुलना अशांशीच करा, डोमिनिकाशी नको. एवढ्याशा देशात एक गुणी मुलगी निपजली की भागाकार आभाळाला भिडतो, पुढच्या खेपेला पदक हुकलं की शून्य. त्याला कार्यक्षमता कसं म्हणायचं?

लालमाती (पारोळा): दोघंही देशावर अडलात. आधी घरातला हिशेब बघा. पॅरिसच्या तयारीत बॅडमिंटनवर सुमारे ७२ कोटी गेले, पदक एकही नाही. नेमबाजीवर ६० कोटींच्या आसपास, ३ पदकं. कुस्तीवर ३८ कोटींच्या आत, १ पदक. रुपयामागे पदक मोजलं तर कुठे पाणी मुरतंय ते दिसतं.

कोरडवाहू: असा हिशेब घातक आहे. बॅडमिंटनचा लक्ष्य सेन कांस्याच्या सामन्यात हरला, चौथा आला. त्या खेपेला आपले सहा चौथे क्रमांक होते. बॅडमिंटनचे पैसे कापले तर पुढचा सेन कुठून येईल? हाताशी आलेलं बोंड वेचायच्या आधी पावसानं भिजलं म्हणून कोणी पऱ्हाटी उपटतं का?

पाड्यावरची मॅडम (धडगाव): मी शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या पोरी रोज डोंगर चढून येतात, दमसास असा की बघत राहावं. पण धावपट्टी, स्पाइक्स (धावण्याचे खिळ्यांचे बूट) किंवा प्रशिक्षक त्यांनी कधी बघितलेला नाही. तुमच्या १४० कोटींत त्या धरल्यात. संधीत मात्र धरलेल्या नाहीत. ज्यांना मैदान मिळालं तेवढेच खाली घ्या आणि मग भागा.

कोरडवाहू: ताई, तुमच्या पोरींबद्दल आदर आहे, पण खालचा आकडा कमी केला की आपलाच क्रमांक सुधारेल. मैदान न दिल्याचं बक्षीस सरकारला का द्यायचं? १४० कोटीच राहू द्या. त्या पोरी हिशेबात असल्या तरच कोणी विचारेल की धावपट्टी कुठंय.

पाड्यावरची मॅडम: हे बरोबर बोललात, भाऊ. मग दोन रकाने करा. पदकांशेजारी मैदान मिळालेल्या मुलांचा आकडाही लिहा, तालुकावार. धडगावचा मी मोजून देते.