नवले पुलाचा उतार: तुमचे अनुभव लिहा

माझे मिस्टर रोज संध्याकाळी दोनच शब्दांचा मेसेज टाकतात. 'पूल पार.' त्यांचं काम खेड शिवापूरच्या बाजूला, आम्ही राहतो पुण्यात, वडगाव बुद्रुकला. येताना कात्रजचा नवा बोगदा, मग दरी पूल, मग तो लांबच लांब उतार आणि खाली नवले पूल. तो मेसेज आला की मी कुकर लावते.

१३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार. मेसेज आला नाही. सहा वाजून गेले, फोन लागेना. गच्चीवर गेले तर पुलाच्या दिशेला काळा धूर. साताऱ्याकडून उतरणाऱ्या कंटेनरचा ताबा सुटला होता, त्यानं पुढच्या गाड्या उडवल्या, एक कार दोन अवजड गाड्यांच्या मधे चिरडली आणि आग लागली. ८ माणसं गेली. हे मागे वरच्या बाजूला अडकले होते, चालत घरी आले आणि बूट न काढता जमिनीवर बसले.

या उतारावर ज्यांनी काही पाहिलंय, सोसलंय, त्या सगळ्यांनी इथे लिहावं. गेलेल्यांची नावं, फोटो, गाड्यांचे नंबर कृपया टाकू नका. त्यांची घरं आपल्यातच आहेत.

आंबेगाव, दुचाकीवर रोज हिंजवडीला

मी पुढे कमी आणि आरशात जास्त बघतो. बायपासला लागलो की डावी कड धरायची, आणि आरशात ट्रकची केबिन मोठी होताना दिसली की ती किती वेगानं मोठी होतेय ते मोजायचं. ही सवय मला कुणी शिकवली नाही. आमच्या सोसायटीत विचारलं तर पाच-सहा जण हेच करतात असं कळलं. सेवा रस्त्यानं जा म्हणणाऱ्यांनी एकदा संध्याकाळी सातला त्या रस्त्यानं जाऊन बघावं. मध्येच संपतो, मध्येच खड्डे, समोरून उलट्या दिशेनं येणाऱ्या गाड्या. म्हणून माणूस नाइलाजानं हायवेवर चढतो आणि चाळीस टनांच्या गाडीसमोर जाऊन उभा राहतो.

धायरी

२० नोव्हेंबर २०२२ च्या रविवारी याच उतारावर ज्या ४८ गाड्या आदळल्या, त्यांत आमचीही होती. आम्ही लग्नाहून परतत होतो. पुढे गाड्या थांबल्या म्हणून थांबलो. आधी मागून आवाज ऐकू आला, पत्र्याचे डबे एकामागून एक आदळावेत तसा, आणि तो जवळ येत होता. माझ्या सासूबाई मागच्या सीटवर होत्या. त्यांनी माझ्या मुलीचं डोकं स्वतःच्या मांडीत दाबलं आणि वर ओणव्या झाल्या. धक्का बसल्यावर गाडी फिरून उलट्या दिशेला तोंड करून उभी राहिली. आम्ही वाचलो, सासूबाईंचा खांदा निखळला. त्या रात्री कुणी दगावलं नाही म्हणून सगळे 'देवाची कृपा' म्हणत होते, मीही म्हणाले. पुढच्याच वर्षी स्वामीनारायण मंदिराजवळ एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये माणसं गेली. तेव्हा मला आमच्या त्या सुटकेच्या आनंदाची लाज वाटली. ४८ गाड्या आदळल्यावर रस्ता बदलायला हवा होता, आम्ही सत्यनारायण घातला आणि विसरलो.

कराड तालुका, ३१ वर्षं ट्रक चालवला, आता घरी

लेकानं हा धागा वाचून दाखवला. मी सांगतोय, तो टाइप करतोय.

उस्तादानं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतरायचा. हे प्रत्येक ड्रायव्हरला माहीत असतं. मग कात्रजच्या बोगद्याखाली असं का होतं ते सांगतो. साताऱ्याकडचा खंबाटकी घाट ओलांडून दमलेला ड्रायव्हर बोगद्यातून बाहेर पडतो. खंबाटकीत वळणं आहेत, तिथं भीती वाटते, माणूस जागा राहतो. इथं रस्ता रुंद, समोर शहराचे दिवे. उतार आहे हे डोळ्याला कळतच नाही. गाडी आपोआप पळते, आणि हात गिअर काढून न्यूट्रलला नेतो.

डिझेलचं गणित असं असतं की ट्रिपला लिटर ठरवून देतात. वाचलं ते तुझं, जादा लागलं ते पगारातून. बारा-पंधरा हजारांवर घर चालवणाऱ्याला दोन लिटरसुद्धा दिसतात. मी काही त्यांची बाजू घेत नाही. माणसं मेलीत. पण कारण सांगायचं तर खरं सांगावं.

गाडी गिअरमध्ये असली की इंजिन तिला मागून धरून ठेवतं. न्यूट्रलला सगळा भार ब्रेकवर येतो. सारखा पाय दाबून चाकातले ब्रेकचे लायनर आणि ड्रम तापतात, आधी जळका वास येतो, चाकातून धूर निघतो, आणि मग पेडल तळाला गेलं तरी पकड येत नाही. आता गिअर टाकू म्हटलं तर त्या वेगात गिअर पडत नाही, नुसता करकरतो. काही जण तर इंजिनच बंद करतात. मग ब्रेकला हवा देणारा कंप्रेसर बंद, टाकीत नवी हवा भरत नाही, पाच-सात वेळा पाय दाबला की हवा उतरते. वर स्टेअरिंग लोखंडासारखं जड. गाडी थंड झाल्यावर मेकॅनिक बघतो तेव्हा ब्रेक पुष्कळदा लागतो. म्हणून 'ब्रेक फेल' हा शब्द मला पटत नाही. तो वरती, बोगद्याच्या तोंडाशीच घालवलेला असतो.

माझ्यावर एकदा वेळ आली होती. जुन्या खंबाटकीत, सिमेंट भरलेलं. वास आला आणि पायाखाली काही उरलं नाही. मी गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली, गटारीत चाक घातलं, तेव्हा थांबली. खाली उतरून ताडपत्रीची सुटलेली दोरी बांधायला गेलो तर बोटांना गाठ मारता येईना. क्लीनर पोरगं अठरा वर्षांचं, त्यानं बांधली. मालकानं डाव्या बाजूचा पत्रा आणि दोन टायर माझ्या पगारातून कापले. आठ महिने.

वडगाव बुद्रुक, परिचारिका

१३ नोव्हेंबरच्या त्या संध्याकाळी माझी ड्यूटी संपत आली होती. भाजलेल्या माणसाच्या हातातली अंगठी पहिल्यांदा कापून काढावी लागते, कारण बोट सुजतं आणि मग ती निघत नाही. मी तेच करत होते, आणि बाहेर रिक्षावाले, कॉलेजची मुलं, भाजीवाले जखमींना उचलून आणत होते. त्यातल्या एका मुलानं मला दारातच विचारलं, "ताई, माझं नाव लिहावं लागेल का? घरचे घाबरतील."

म्हणून इथे लिहिते. नाव सांगायची सक्ती नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांसाठीची नियमावली मान्य केली आणि २०१९ च्या दुरुस्तीनं ती मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ म्हणून आली. तुम्ही जखमीला आणून सोडलं, तर तुम्हाला अडवून ठेवता येत नाही आणि साक्षीदार व्हायची जबरदस्तीही करता येत नाही. आणखी एक. मे २०२५ पासून अपघातग्रस्तासाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोख न भरता होणाऱ्या उपचाराची केंद्राची योजना आहे. नातेवाईक एटीएम शोधत पळतात, तेव्हा त्यांना आधी हे सांगा. त्या मुलाचं नाव मी विचारलं नाही. शर्टाला लागलेलं रक्त मात्र धुवायला लावलं, आईनं तसं बघू नये म्हणून.

नऱ्हे

आम्हाला दिवसा जड वाहनं नकोत, एवढंच. रिंगरोड होईल तेव्हा होईल, तोवर शाळा सुटायच्या वेळी तरी वरतीच थांबवा.

अॅडलेड, ऑस्ट्रेलिया (मूळ सिंहगड रोड)

इथला भूगोल वाचून अंगावर काटा येईल इतका सारखा आहे. डोंगरातून येणारा साउथ ईस्टर्न फ्रीवे सरळ शहराच्या तोंडाशी, सिग्नलवर उतरतो. ऑगस्ट २०१४ मध्ये एका सुटलेल्या टँकरनं त्या सिग्नलवर दोघांचा जीव घेतला. इथे उतारावर बाजूला खडीचे खोल, चढते पट्टे आहेत, दोन ठिकाणी. ब्रेक गेलेली गाडी त्यात घालायची, चाकं रुततात आणि ती थांबते. ट्रकना वेगळी, कमी वेगमर्यादा आणि खालच्या गिअरची सक्ती आहे, दंडही जबर. तरी जुलै २०२२ मध्ये त्याच चौकात ट्रक बसवर आणि कारवर आदळला. म्हणजे खडी टाकली की प्रश्न मिटला असं मी म्हणणार नाही. पण नवले पुलाच्या उतारावर सुटलेल्या गाडीला आज आमच्या माणसांशिवाय थांबायला काय आहे? माझे आईवडील अजून तिथेच राहतात. मी दर वेळी विमानतळावरून घरी जाताना ड्रायव्हरला बायपास टाळायला सांगतो.

धागा सुरू करणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवताना मी ह्यांना सगळं वाचून दाखवलं. अपघातानंतर वेगमर्यादा कमी झाली, गाड्या तपासायला सुरुवात झाली, ते आम्ही रोज बघतो. पण ह्यांचं म्हणणं, तपासणी बोगद्याच्या अलीकडे, साताऱ्याच्या बाजूला हवी. चाकांवर हात ठेवून बघितलं तरी गरम ड्रम कळतो, असं कराडचे दादा सांगतील. दादा, त्या खडीच्या पट्ट्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?

कराड तालुका

हात ठेवायची गरजच नाही, शेजारून चालत गेलं तरी आच लागते. पण तपासणारा माणूस तिथं रात्री दोनलाही पाहिजे.

खडीचं चांगलं आहे. मी एक विचारतो, त्या ऑस्ट्रेलियाच्या पोराला माहीत असलं तर सांगावं. गाडी खडीत घातली, माल सांडला, अॅक्सल तुटला, क्रेन आली. त्याचा पैसा कुणाकडून घेतात? कारण ते खडीत घालायचं की नाही हे ड्रायव्हरला दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं, आणि तेवढ्या वेळात त्याला मालकाचा चेहरा दिसतो. ब्रेक लागेल, अजून लागेल, असं म्हणत तो पुढं जातो. आज मी डोळे झाकून घालीन. खंबाटकीत आठ महिने पगार कापून घेतल्यावर पुढच्या वर्षी पुन्हा तशीच वेळ आली असती, तर घातली असती का, हे मला सांगता येत नाही.