खुब्याच्या कृत्रिम सांध्यावरील लेपामुळे हाड खरोखर लवकर धरते का?

प्रश्न (गुहागर)
माझ्या वडिलांचे वय ६४ असून डाव्या खुब्यातील कूर्चा झिजल्यामुळे सांधा बदलण्याचे ठरले आहे. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सिमेंट न वापरता मांडीच्या हाडात बसवायचा, हायड्रॉक्सीॲपटाइटचा लेप दिलेला टायटॅनियमचा दांडा सुचवला आहे. आमचे घर चढणीवर आहे आणि आंब्याचा हंगाम जवळ आल्याने वडिलांना बागेत जाण्याची घाई झाली आहे. हा लेप नेमके काय करतो, आणि त्याच्या भरवशावर पायावर लवकर भार टाकता येईल का?

उत्तर (चिपळूण, अस्थिरोगतज्ज्ञ)
हायड्रॉक्सीॲपटाइट हे कॅल्शियम व फॉस्फेटचे संयुग हाडातील खनिजाशी मिळतेजुळते असते. त्यामुळे हाड तयार करणाऱ्या पेशी थेट त्या पृष्ठभागावर नवे हाड घालू लागतात, आणि दांडा व हाड यांच्यामध्ये राहिलेली बारीक फट भरून येण्यास मदत होते. खुब्यासाठी हा लेप १९८० च्या दशकापासून वापरात आहे. परंतु पहिली अट लेपाची नाही, तर शस्त्रक्रियेच्या वेळी दांडा घट्ट बसण्याची आहे. दांडा व हाड यांच्यामधील हालचाल साधारण ५० मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत राहिली तर हाड पृष्ठभागाला धरते. ती १५० मायक्रॉनच्या पुढे गेली तर तेथे हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते आणि दांडा ढिला राहतो. अशा ढिल्या दांड्याला कोणताही लेप वाचवू शकत नाही.

उत्तर (रत्नागिरी, धातुशास्त्राचे अध्यापक)
लेपाखालचा धातूही पाहावा. सच्छिद्र पृष्ठभागाच्या काहीशे मायक्रॉनच्या छिद्रांत हाड वाढत शिरते. जांभ्याच्या चिऱ्यावर गिलावा पकड घेतो, तशीच ही पकड असते. लेप बहुधा प्लाझ्मा फवाऱ्याने, म्हणजे अतितप्त वायूच्या झोतातून भुकटी फवारून, देतात. तो फार जाड झाला तर तडकून सुटण्याची भीती, फार पातळ असला तर लवकर विरघळण्याची. चांगल्या सच्छिद्र दांड्यांची लेपासह आणि लेपाविना तुलना केली असता, दीर्घकाळ टिकण्याच्या बाबतीत मोठा फरक सातत्याने आढळलेला नाही. केवळ लेपासाठी बरेच जास्त पैसे मागितले जात असतील, तर कारण अवश्य विचारावे.

प्रश्नकर्ता
म्हणजे बागेत जाण्याचा निर्णय लेपावर अवलंबून नाही, असे समजावे का?

उत्तर (चिपळूण, अस्थिरोगतज्ज्ञ)
बव्हंशी तसेच. दांडा घट्ट बसला असेल तर अनेकदा दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे करतात. मात्र दांडा ठोकताना मांडीच्या हाडाला चीर गेली असेल, तर भार टाकणे काही आठवडे लांबते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांना हेच आधी विचारावे. हाड पुरते धरायला कित्येक आठवडे, कधी काही महिनेही लागतात. तोवर पायऱ्या चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी टाकावा. आंब्याच्या झाडावर चढणे आणि क्रेट उचलणे हे काम यंदा गड्यांकडेच सोपवावे.