‘टेलनेट मारणे’ यातलं मारणे कुठलं?

डोंबिवलीकर : ऑफिस सीप्झमध्ये. काल एक सर्व्हर लागत नव्हता, तर सीनियर म्हणाला, “अगं, आधी टेलनेट मारून बघ.” (टेलनेट म्हणजे दुसऱ्या संगणकाशी जोडणी करून बघायची कमांड.) मारलं, काम झालं. पण परतीच्या लोकलमध्ये डोक्यात तेच. हे ‘मारणे’ हिंदीतून आलं का? ‘टेलनेट करणे’ म्हणावं का?

गिरगावकर : सगळं हिंदीच्या माथी कशाला मारायचं? (बघा, आलंच.) हाक, शिट्टी, शिक्का, चक्कर, गप्पा... मराठी माणूस काय मारत नाही?

निवृत्त सिस्टिमवाला : आम्ही ‘टेलनेट करून आत जा’ असंच म्हणायचो. १९६९ मध्ये अर्पानेटसाठी, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजासाठी, ते निघालं तेच मुळी लांबच्या यंत्रावर समोर बसल्यासारखं काम करता यावं म्हणून. १९८३ मध्ये त्याचं प्रमाणीकरण झालं. खोट एवढीच की पासवर्डसकट सगळं उघडं जायचं, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखं. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये एसएसएच, म्हणजे तेच काम सगळं झाकून करणारं साधन, तयार झालं आणि आत जायचं काम हळूहळू तिकडे गेलं. टेलनेटचं पोर्ट (यंत्रावरच्या सर्व्हिसचं क्रमांकाचं दार) २३, याचं २२, म्हणजे शेजारचंच दार. टेलनेटकडे उरलं ते दाराबाहेरून हाक मारणं. माझा आपला अंदाज, ‘करणे’चं ‘मारणे’ तिथेच झालं.

आणि हाक म्हटलं की उत्तरंही नीट कळतात. पडदा काळा झाला किंवा पलीकडून काही अक्षरं उमटली, तर ओ मिळाली, पोर्ट उघडं आहे. लगेच ‘रिफ्यूज्ड’ आलं, तर यंत्र जागेवर आहे, पण बहुतेक त्या दाराशी कोणी बसलेलं नाही; सर्व्हिस बंद असेल. नुसतंच ताटकळत ठेवून ‘टाइम आउट’ झालं, तर मधल्या फायरवॉलने (नको ती वाहतूक अडवणाऱ्या पहारेकऱ्याने) हाक गिळल्याचा संशय घ्यावा. फक्त हे टीसीपीपुरतं, म्हणजे आधी जोडणी करून मग बोलणाऱ्या पद्धतीपुरतं. यूडीपीत तशी जोडणीच नसते, तिला अशी हाक मारून उपयोग नाही.

माझगावकर : पोर्टला दार काय म्हणता? मुंबईत राहता, बंदर म्हणा!

गिरगावकर : लॅटिनमध्ये पोर्टा म्हणजे दार, पोर्टुस म्हणजे बंदर. संगणकातलं पोर्ट दारातून आलंय. भाऊच्या धक्क्याचा इथे संबंध नाही.

डोंबिवलीकर : आज नेमका टाइम आउट आला. सीनियरला म्हटलं, “हाक मारली, ओ आली नाही.” त्याने मानसुद्धा वर केली नाही. म्हणाला, “मग फायरवॉलवाल्यांना मेल मार.”