मदत हवी आहे: व्ही-२ च्या इंजिनावरच्या १८ वाट्या

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत हंट्सव्हिलच्या यू. एस. स्पेस अँड रॉकेट सेंटरमध्ये जर्मन व्ही-२ क्षेपणास्त्राचं इंजिन ठेवलंय. नववीच्या मुलांसाठी त्याची पुठ्ठ्याची प्रतिकृती करतोय आणि एका जागी अडलोय.

इंजिनाच्या माथ्यावर १८ उलट्या वाट्या आहेत, प्रत्येकीला ऑक्सिजनची स्वतंत्र नळी. वाटीच्या मधोमध द्रव ऑक्सिजनचा फवारा, कडेच्या भोकांतून पाणी मिसळलेलं अल्कोहोल. जर्मन रॉकेट-अभियंते वाल्टर थील यांनी दीड टन रेट्याच्या छोट्या इंजिनासाठी केलेली वाटीच १८ वेळा वापरली आणि २५ टन रेटा मिळवला, इतपत समजलंय. फार हुशारीचं काम आहे हे! पण १८ ज्वाळा एकाच ज्वलनकक्षात मिसळताना दाब हेलकावे कसा खात नसे? आणि पुढे रेडस्टोन या अमेरिकन क्षेपणास्त्राच्या इंजिनात वाट्या जाऊन सपाट चकती आली, ती फक्त नळ्यांचं जंजाळ कमी करायला का?

कुणाकडे वाटीचा उभा छेद दाखवणारं स्वच्छ रेखाचित्र असेल तर कृपया द्या. भोकांच्या रांगा नीट दिसायला हव्यात.

आणखी एक. व्ही-२ क्षेपणास्त्रं दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या मिटेलबाउ-डोरा छळछावणीच्या कैद्यांकडून बोगद्यांत बनवून घेतली, त्यात हजारो माणसं मेली. हे मुलांना सांगणारच आहे. शिक्षक मंडळींनी असा विषय वर्गात कसा मांडला, तेही जरूर लिहा.