स्कॅन झाले तरी मूळ कागद हवेतच

एकदा स्कॅन झालेल्या सरकारी कागदांवर जागा आणि पैसा का खर्च करायचा, हा प्रश्न रास्त असला, तरी त्यात केंद्र सरकारच्या जुन्या नोंदी जपणाऱ्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे निम्मेच काम लक्षात घेतले आहे. १८९१ साली कोलकात्यात सुरू झालेली आणि पुढे दिल्लीत आलेली ही संस्था केवळ कागद साठवत नाही; कोणता कागद कायम राहील आणि कोणता नष्ट करता येईल, या निर्णयावर तिची देखरेख असते, आणि माझ्या मते तिचे खरे महत्त्व तिथेच आहे. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ नुसार केंद्रीय कार्यालयांना अभिलेख अधिकारी (नोंदींची जबाबदारी सांभाळणारा अधिकारी) नेमावा लागतो, ठरलेल्या पद्धतीखेरीज नोंदी नष्ट करता येत नाहीत आणि नियम मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मूळ नस्तीत (फाइलमध्ये) टिपणीच्या कडेला पेन्सिलीने मारलेला शेरा, खोडून बदललेले वाक्य, आवक-जावकचा शिक्का हे सारे निर्णय कसा झाला ते सांगते. घाईने केलेल्या स्कॅनमध्ये फिकट पेन्सिल हमखास हरवते, आणि मग पडताळायला मूळ प्रतच लागते.

१९९३ चा हा कायदा राज्य सरकारांच्या नोंदींना लागू नाही. महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा २००५ चा आहे. तेव्हा आपापल्या जिल्ह्यातील कार्यालयांनी अभिलेख अधिकारी नेमले आहेत का, हे माहिती अधिकारात विचारणे मला अधिक निकडीचे वाटते.