पिकअपचा मागचा भाग खाली घ्यायचाय, कुठले पार्ट घेऊ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, गाडी इसुझू डी-मॅक्स, राहायला रत्नागिरीत. रिकामी असली की मागून उंटासारखी वर उभी राहते आणि आता मालवाहतूक बंदच केलीय, फार तर सीझनला आंब्याच्या चार पेट्या, त्यामुळे मागून दोनेक इंच खाली घ्यायची आहे.

पाटे (लीफ स्प्रिंग) ॲक्सलच्या वर आहेत, म्हणजे मधे नुसता ब्लॉक (ठोकळा) टाकला तर गाडी उलट वर जाणार, एवढं कळलंय. फ्लिप किटने ॲक्सल पाट्यांच्या वर घेता येतो पण त्यात गाडी एकदम पाच-सहा इंच बसते म्हणतात, मग चेसिसला सी-नॉच (ॲक्सलला जागा मिळावी म्हणून सी आकाराची खाच) मारा, शॉकअप आखूड घ्या, एवढं नको बाबा, पावसात आमच्या पाखाडीतून गाडी वर यायला हवी ना! गॅरेजवाला म्हणतो एक पाटा काढून टाकू, स्वस्तात होईल, पण मला ते काही पटत नाही, लोड घेतला की ॲक्सल थेट बंपस्टॉपवर (चेसिसखालच्या रबरी ठोकळ्यावर) आपटेल.

मग कमी कमानीचे पाटे करून घ्यावेत की हँगर-शॅकल (पाट्यांची टोकं चेसिसला धरणारे ब्रॅकेट आणि दुवे) बदलावेत? पिनियन अँगलसाठी (शाफ्ट ॲक्सलला ज्या कोनात जोडतो तो) वेज, म्हणजे पाचर, लागेल का? आणि पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट खाऱ्या वाऱ्याने असे गंजलेत की आटेच दिसत नाहीत, ते नवेच टाकणार, तर गॅल्व्हनाइज्ड मिळतात का कुठे, चिपळूण किंवा कोल्हापूरला?

आरटीओ पासिंगला कोणाला त्रास झाला असेल तर तेही सांगा.